सड्यावरचं ऊन आणि गॅसचे सिलिंडर : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

आजपासून नोंदी ठेवते आहे. कारखाना काकांचा, देवगड तालुक्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. हापूसचा पल्प, कोकमचं आगळ आणि सिरप, जांभूळ, फणस, थोडा जॅम. आठ वर्षं पुण्यात कंपन्यांच्या बॉयलरचं आणि वाफेचं काम करून मी घरी परत आले. काकांनी पहिलं काम दिलं ते हेच : सौर उष्णता घ्यायची की नाही, ते ठरव.

निमित्त, एका पुरवठादाराचा प्रस्ताव. २०० चौरस मीटरचे संग्राहक (उन्हावर पाणी तापवणाऱ्या पेट्या) शेडच्या पत्र्यावर बसवायचे, बॉयलरला गरम पाणी द्यायचं. खर्च २६ लाख. कागदावर परतफेड दीड वर्षाच्या आत. काका खूश आहेत, कारण एप्रिल-मेमध्ये धुराड्याकडे बघून त्यांचा जीव वरखाली होतो.

मी प्रस्तावातलं तिसरं पान दोनदा वाचलं. प्रत्येक चौरस मीटरमागे रोज २.४ युनिट उष्णता, गुणिले ३६५ दिवस. वाचणारं इंधन डिझेल. आमच्याकडे पल्प चालतो जेमतेम ५५ दिवस, आणि बॉयलर लाकडावर आहे. म्हणजे प्रस्ताव आमच्या कारखान्याचा नाहीच. उन्हाचा आकडा मात्र बरोबर आहे, तेव्हा नाही म्हणून मोकळी होणार नाही. आपलं गणित आपण मांडायचं.

(नोंदींत सगळीकडे उष्णता युनिटमध्ये लिहिणार. विजेच्या बिलावरचं असतं तेच युनिट, ८६० किलोकॅलरी. लाकूड, गॅस, वीज आणि ऊन एकाच मापात आले की भांडण निम्मं मिटतं.)

२ डिसेंबर

आत्याकडून गेल्या वर्षाच्या वह्या घेतल्या. दोन दिवस गेले, पण वसूल झाले.

हंगामाचं लाकूड : रोज साधारण ६०० किलो, किलोला ५ रुपये, ५५ दिवस. १ लाख ६५ हजार.

काका म्हणाले, "लाकूड बरासचा आमच्याच बागेतला, तेका पैशे कसले?" पण तेच लाकूड दारात उभा राहून कुणीतरी विकत नेतो, आणि ते तोडायला, फोडायला, वाहायला माणसं लागतातच. वहीत पाच रुपयेच धरले.

मग गॅस. गॅस कुठल्याच पानावर एकत्र लिहिलेला नव्हता. दोन सिलिंडर इथे, तीन तिथे, कधी किरकोळ खर्चात, कधी बाटल्यांच्या हिशेबात. सगळे वेचून बेरीज केली तेव्हा आत्या स्वतःच चकित झाली. बिगरहंगामातल्या २४५ दिवसांत १९ किलोचे १८० सिलिंडर. १७५० रुपये धरले तरी ३ लाख १५ हजार.

म्हणजे ज्या धुराड्याची सगळ्यांना धास्ती त्याचा खर्च दीड-पावणेदोन लाख. मागच्या पडवीतल्या टाकीखाली निळी ज्योत हंगाम सोडून वर्षभर जळते, तिचा खर्च त्याच्या जवळजवळ दुप्पट. लाकडाचा टेम्पो दारात उभा राहतो म्हणून दिसतो. सिलिंडर फोनवर येतो.

३ डिसेंबर

मागच्या टाकीची चाचणी घेतली. हीच ती बाटल्या, बरण्या, क्रेट, फरशी धुण्याच्या पाण्याची टाकी. लोखंडी, उघडी, खाली तीन बर्नर.

१००० लिटर पाणी, सुरुवातीला २८ अंश. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून बर्नर पेटवले. पाणी ७० अंशांवर यायला गॅस गेला ७ किलो. पाण्यात गेलेली उष्णता ४२,००० किलोकॅलरी, म्हणजे ४९ युनिट. ७ किलो गॅसमध्ये होती जवळजवळ ९० युनिट. पदरात पडली ५४ टक्के. बाकीची उघड्या तोंडातून वाफ होऊन गेली आणि टाकीच्या अंगावरून गेली. तासभर शेजारी उभी होते, माझा चष्मा धुरकट झाला होता. ती सगळी विकत घेतलेली वाफ.

६४५ रुपयांत ४९ युनिट. एका युनिटला १३ रुपये २० पैसे.

लाकडाचंही तसंच काढलं. ओलसर लाकडात किलोमागे साडेतीन युनिट. बॉयलर जुना आहे, ५५ टक्के हाती लागते असं धरलं. युनिटला २ रुपये ६० पैसे.

आता प्रश्न नीट दिसायला लागला. ऊन कुणाच्या जागी बसवायचं? अडीच रुपयांच्या जागी की तेरा रुपयांच्या?

५ डिसेंबर

पुरवठादाराच्या प्रस्तावाचं गणित आमच्या दिवसांवर बसवलं. २६ लाख, १० टक्के व्याज, १५ वर्षं आयुष्य. दर वर्षाचा बोजा ३ लाख ४२ हजार.

३६५ दिवस वापरलं तर १ लाख ७५ हजार युनिट. दर युनिटला दोन रुपयांच्या आत.
५५ दिवस वापरलं तर २६ हजार ४०० युनिट. दर युनिटला १३ रुपये.

तेच पत्रे, तेच ऊन, तेच कर्ज. देखभाल तर अजून धरलेलीच नाही. आणि हे १३ रुपये अडीच रुपयांच्या लाकडाशी लढायला निघालेले.

सौर उष्णतेत इंधन फुकट आणि यंत्र महाग, आणि यंत्राचं व्याज पावसाळ्यातही चालू, गणपतीच्या सुट्टीतही चालू. न वापरलेलं ऊन दुसऱ्या दिवशी कामाला येत नाही. टाकी भरली की संपलं. विजेचे सौर पॅनेल उरलेली वीज महावितरणकडे ढकलू शकतात. गरम पाणी ढकलायला कुठली लाईन नाही.

काकांना हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ह्या होया नाय?" मी म्हटलं, हे नको, पण दुसरं काहीतरी होईल असं वाटतंय.

१९ डिसेंबर

काका दत्तजयंतीच्या निमित्ताने शिर्डीला जाऊन आले आणि येताना प्रश्न घेऊन आले. शिर्डीत सूर्यावर स्वयंपाक होतो, मग आपल्याकडे का नाही?

प्रश्न चांगला आहे. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ पासून ७३ आरसेवाल्या तबकड्या आहेत, त्या सूर्यामागे फिरतात आणि वाफ करतात. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत २००६ मध्ये एकच मोठी तबकडी बसली, १६० चौरस मीटरची, दुधाच्या पाश्चरायझेशनसाठी. दोन्ही महाराष्ट्रातलीच कामं. पण दोन गोष्टी बघायला हव्यात. शिर्डीत जेवायला माणसं रोज येतात, दुग्धशाळेत दूध रोज येतं. आमचा आंबा वर्षातून दोन महिने येतो. आणि दुसरी गोष्ट आकाशाची. आरसा फक्त सरळ आलेलं ऊन गोळा करू शकतो. दमट धूसर हवेतून पसरून आलेलं ऊन त्याच्या उपयोगाचं नाही. देशावरचं कोरडं आकाश आणि आमची खाडीकडची दुपार यांत हाच फरक. साध्या काळ्या पत्र्याच्या, काच लावलेल्या सपाट पेटीला मात्र दोन्ही प्रकारचं ऊन चालतं. तापमान कमी मिळतं, पण मला बाटल्या धुवायच्या आहेत, वाफेचं इंजिन चालवायचं नाही.

वाफेच्या इंजिनावरून आठवलं. १८७८ च्या सुमारास विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत कुलाब्याला आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून उन्हावर वाफ केली आणि अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. त्यालाही हे सुचलं ते कोळसा इथे फार महाग पडतो म्हणूनच. जिथे इंधन महाग, तिथून सुरुवात. दीडशे वर्षांत तो नियम बदललेला नाही.

११ जानेवारी २०२५

सौर काही घेण्याआधी टाकीला झाकण आणि अंगाला काचलोकरीचं आवरण, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. सावंतवाडीहून माणूस आला, दोन दिवसांचं काम. १८ हजार रुपये. बर्नरभोवती वाऱ्याची आडही केली, कारण दुपारनंतरचा वारा ज्योत अक्षरशः टाकीखालून बाहेर काढत होता.

पुन्हा तीच चाचणी. ५४ चे ७० टक्के झाले. रोजचा गॅस १४ किलोवरून ११ किलोच्या आत. वर्षाला सत्तर हजार वाचतील. १८ हजार तीन-चार महिन्यांत सुटले.

सौर प्रकल्पाच्या दृष्टीने याचा एक कडू परिणाम झाला आणि तो लपवणार नाही : गॅसची उष्णता आता १३ ऐवजी १० रुपये ३० पैशांना पडते, म्हणजे सौरची बचत आपोआप कमी झाली. पुरवठादार आधी गळती मोजत नाहीत, ते यामुळेच. गळक्या टाकीशी तुलना केली की कुठलंही यंत्र गुणी ठरतं.

२७ जानेवारी

आजचा दिवस बाटल्या धुणाऱ्या बायकांबरोबर. हे काम मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

टाकीचं पाणी ७० अंश. नळाखाली निळं टब. एक बाई बादलीने गरम पाणी टबात ओतते, लगेच दुसरी मागच्या हौदातून गार पाणी तितकंच ओतते. मी विचारलं, का? तिने हात पुढे केला. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडलेली, दोन ठिकाणी सोललेली. "बाय गो, सत्तरात हात घालून बघ."

थर्मामीटर टबात घातला. ५० अंश. क्रेट धुतात तेही त्याच पाण्यात. खऱ्या अर्थाने खूप गरम पाणी लागतं ते फक्त शेवटच्या विसळणीला, ८० अंशांचं, ते जाळीवर बाटल्या उलट्या ठेवून फवाऱ्याने, हात न लावता. दिवसाला ६०० लिटर.

म्हणजे बहुतेक पाणी पन्नाशीचंच हवंय. गॅसला याने फारसा फरक पडत नाही, उष्णता एकूण तितकीच. उन्हाला मात्र फार फरक पडतो. संग्राहक जितका गरम ठेवाल तितका तो हवेला उष्णता परत देतो. ५५-६० पर्यंतचं काम तो मन लावून करतो, ८० ला नेऊ गेलं की दमतो. तेव्हा मांडणी अशी : सगळं पाणी उन्हावर ५५-६० पर्यंत, त्यातलं ६०० लिटर गॅसवर पुढे ८० पर्यंत. दिवसाच्या ९८ युनिटांपैकी उरलेल्या कामाला गॅस फक्त १५ युनिट.

टबाला मिश्रणाचा नळ बसवायला सांगितला. सौर होवो न होवो, हातांचं काम आधी.

१० फेब्रुवारी

एका बंद पडलेल्या लॉजचा जुना सपाट संग्राहक आणि १०० लिटरची टाकी मिळाली. २ चौरस मीटर. पत्र्यावर न ठेवता अंगणात, दक्षिणेकडे तोंड करून, २० अंश तिरका (आमचा अक्षांश सव्वासोळाच्या थोडा वर, हिवाळ्यासाठी जरा जास्त कलवला).

सकाळी ७ वाजता टाकी २७ अंश, संध्याकाळी ५ वाजता ६४. चार युनिटांहून थोडं जास्त. चौरस मीटरला २.१५. जुन्या पेटीला हे उत्तमच.

आठवडाभराने काच न पुसता मोजलं : ५९. पुसून दुसऱ्या दिवशी : ६३. आमच्या रस्त्याची तांबडी धूळ आणि समुद्राची खारट ओल मिळून काचेवर लेप चढतो, नुसता झाडू मारून निघत नाही, ओलं फडकं लागतं. पुसायला दोन माणसांचा अर्धा दिवस, महिन्यातून दोनदा. देखभालीच्या खर्चात टाकलं.

विहिरीच्या पाण्याचा सामू मोजून आणला, ६.२. जांभ्यातलं पाणी मऊ, साका धरत नाही, पण किंचित आम्ल, तांब्याच्या नळ्या हळूहळू खाणारं. म्हणून विहिरीचं पाणी थेट संग्राहकात जाणार नाही. आत वेगळं पाणी फिरेल, मध्ये एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणारी प्लेट. खर्च वाढला, आयुष्यही वाढलं. १५ वर्षांवर हिशेब मांडायचा तर १५ वर्षं टिकायला हवं.

४ मार्च

आज सगळे पर्याय एका रेषेत. हंगाम तोंडावर आहे, आंबा सुरू झाला की एप्रिल ते जून मला कुणी बसू देणार नाही.

सौर : २० संग्राहक, ४० चौरस मीटर, टाकी, प्लेट, पंप, गंज न धरणारा सांगाडा, सगळं मिळून जीएसटी सोडून ५ लाख. ऑक्टोबर ते मे कामाचे २०० दिवस, रोज ८४ युनिट. पावसाचे चार महिने कामाचे १०० दिवस, रोज ४० युनिट असा अंदाज. वर्षाला २० हजार ८००. व्याज-हप्ता ६६ हजार, देखभाल १२ हजार. युनिटला पावणेचार रुपये.

गॅस : १० रुपये ३० पैसे.

लाकडाचा बॉयलर वर्षभर : उष्णता स्वस्त, पण अडीच हजार लिटर पाण्यासाठी तासाला ५०० किलो वाफ करणारा बॉयलर रोज सकाळी तापवायचा आणि त्याच्यासमोर परवानाधारक माणूस दिवसभर बसवायचा. बॉयलरवाले मामा स्वतःच नको म्हणाले, "त्या पोटात लाकूड घालून कपभर चाय कशाक करूची?" बरोबर बोलले.

उष्णता पंप (हवेतली उष्णता विजेवर ओढून पाण्यात घालणारं यंत्र) : हा खरा प्रतिस्पर्धी. आमची हवा उबदार आणि दमट, त्यामुळे विजेच्या एका युनिटात तीन युनिट उष्णता सहज मिळते. वीज सगळं धरून साडेनऊ रुपये, म्हणजे नुसती वीज ३ रुपये २० पैसे. यंत्र ३ लाख २० हजार, आयुष्य दहा वर्षं, त्याचे दोन रुपये. सव्वापाच. रात्री चालतो, पावसात चालतो.

उष्णता पंप आणि छतावर विजेचे सौर पॅनेल : वीज स्वतःची पाच रुपयांना पडली तर उष्णता साधारण पावणेचार रुपये. म्हणजे सौर संग्राहकाइतकीच! दहा वर्षांपूर्वी हे कुणी बोललं असतं तर मी हसले असते. पॅनेल एवढे स्वस्त झालेत की उन्हाची आधी वीज करून मग तिचं पाणी तापवणं हे थेट पाणी तापवण्याच्या बरोबरीला आलंय. शिवाय सुट्टीच्या दिवशीची वीज वाया जात नाही.

मग संग्राहकच का? तीन कारणं, आणि ती आमच्या जागेची आहेत. पॅनेल आणि पंप मिळून साडेसात लाख एकदम घालायचे, तेवढे काकांकडे आत्ता नाहीत. जूनमध्ये वादळवाऱ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. आणि खाऱ्या हवेत पंपाची कॉईल सडली तर माणूस कोल्हापूरहून यायचा. संग्राहकाला प्लंबर पुरतो, तो शिरगावात आहे.

दुसऱ्या कुणाचा कारखाना शहराजवळ असेल, वर्षभर चालत असेल, तर मी त्याला पंप आणि पॅनेल घे असंच सांगेन.

बचत : बिगरहंगामात १६ हजार २०० युनिट, १०.३० दराने १ लाख ६७ हजार. हंगामात तेच पाणी लाकडाऐवजी उन्हावर, त्याचे जेमतेम १२ हजार. ते देखभालीत गेले. पाच लाख तीन वर्षांत सुटतात.

दीड वर्ष नव्हे, तीन. काकांना हाच आकडा सांगितला.

२३ एप्रिल

हंगाम. बॉयलर पहाटे चारपासून. नोंद करायला वेळ नाही. एकच : वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी गटारात जात होतं, ते परत टाकीत वळवलं. बॉयलरमध्ये जाणारं पाणी दर ६ अंश गरम केलं की इंधन साधारण १ टक्का वाचतं. आमचं पाणी २८ चं ५८ झालं. पाच टक्के लाकूड. खर्च नळ आणि एक जुना पंप. प्रस्तावातले २६ लाख याच कामासाठी होते.

२६ मे

२० तारखेपासून पाऊस. काल हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं, आज मुंबईत. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. झाडावरचा उरलेला आंबा डागाळला, फुटला, कॅनिंगला येणाऱ्या गाड्या चार दिवसांत आटल्या. हंगाम ५५ दिवसांचा धरला होता, झाला ४३ चा.

अंगणातल्या पेटीत २२ तारखेला २७ चे ३६ अंश झाले. चौरस मीटरला अर्धं युनिट.

आज रात्री झोप नव्हती म्हणून २६ लाखांचा प्रस्ताव ४३ दिवसांवर मांडून बघितला. युनिटला साडेसोळा रुपये, तेही शेवटचे दिवस लख्ख धरून. बागायतदारांच्या दारात आज जे चाललंय ते बघता कर्जाचा तो हप्ता आमच्याही डोक्यावर असता, एवढंच मनात येत राहिलं.

९ जुलै

पावसाळी मोजणी महिनाभर केली. रोज सकाळ-संध्याकाळ, छत्री घेऊन. सरासरी चौरस मीटरला ०.९ युनिट, अंदाज १ चा होता. काही दिवस शून्यच. काही दिवस मात्र दोन सरींच्या मधलं ऊन इतकं स्वच्छ असतं की टाकी ५० ला जाते. हवेतली धूळ धुतलेली असते.

काका वरांड्यात बसून रोज विचारतात, "पावसात तुझो सूर्य खय जातलो गो?" मी त्यांना रोज आकडा सांगते. गणितात पावसाच्या चार महिन्यांचा वाटा वीस टक्क्यांहून कमी धरलेला आहे, त्यातला दहावा हिस्सा गेला तर तीन वर्षांचे तीन वर्षं नि एक महिना होतात.

६ सप्टेंबर

गणपती झाले. आठवडाभर कारखाना बंद होता, म्हणून एक अडचण आधीच लक्षात आली : पाणी कुणी वापरलं नाही आणि कडक ऊन पडलं तर संग्राहकातलं पाणी उकळून सुटकेच्या झडपेतून जाणार. गणपती भाद्रपदात असतात, तेव्हा फारसं नाही. शिमग्याला मात्र मार्चचं ऊन. संग्राहकांवर ओढायला शेडनेट घ्यायचं ठरलं.

संध्याकाळी काका, आत्या, मी. काकांनी एकच अट घातली. "माका आकडे नको. बाटली धुवून दाखय." आत्याने आकडे मागितले, सगळे, आणि सीएशी बोलून आली. सौर यंत्राला करात ४० टक्के दराने घसारा मिळतो, पण नफा असेल तरच त्याचा उपयोग, आणि यंदा नफा आहे तरी कुठे. म्हणून तो हिशेबात धरला नाही. बँकेकडून साडेतीन लाख, दीड लाख घरचे.

ठरलं.

२४ सप्टेंबर

परवापासून जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. पुरवठादाराचा (हा दुसरा, कोल्हापूरकडचा) फोन, तुमचे पस्तीस हजार वाचले म्हणून. आत्याने शांतपणे सांगितलं, आपल्याला भरलेल्या कराची वजावट मिळते, किंमत कमी झालेली नाही. फक्त तेवढे पैसे काही महिने अडकून राहिले असते, ते राहणार नाहीत. प्रकल्पाचा दर तोच ठेवला.

व्यापारी गॅस मात्र गेल्या हिवाळ्यापेक्षा थोडा उतरलाय. शंभर रुपयांनी सिलिंडर उतरला की परतफेड दोन महिने लांबते. तो चढलाही होता, चढेलही. उन्हाचे पावणेचार रुपये पहिल्या दिवशीच ठरले, १५ वर्षं हलणार नाहीत, ही गोष्ट आत्याला सगळ्यांत जास्त पटली.

१४ ऑक्टोबर

पाया. पत्र्यावर नको म्हटलं, तौक्ते वादळात मे २०२१ ला निम्मे पत्रे बागेत जाऊन पडले होते. मागच्या कातळावरच जांभा कोरून खिळे रोवले, काँक्रीट भरलं, त्यावर गरम जस्तात बुडवलेल्या लोखंडाचा सांगाडा. बोल्ट स्टेनलेस, तेही समुद्राकाठचे, ३१६ नंबरचे. बोल्टांचे चार हजार जास्त गेले म्हणून गवंडी हळहळला.

काचेच्या नळ्यांचे संग्राहक स्वस्त मिळत होते, आणि ढगाळ हवेत थोडे जास्तही देतात. नाही घेतले. इथे वानरांची टोळी रोज दुपारी कौलांवरून फिरते आणि पश्चिमेला दोन माड आहेत. एका नारळाखाली तीन नळ्या. सपाट संग्राहकाची कडक काच निदान झुंज देईल. पश्चिमेच्या माडांची सावली साडेतीननंतर शेवटच्या दोन पेट्यांवर येते. माड तोडायचे का, असं गवंड्याने विचारलं. काकांनी उत्तरही दिलं नाही.

८ नोव्हेंबर

आज सुरू झालं.

सकाळी आठला टाकी २८. अकराला ४३. दीडला ५६, तेव्हा धुण्याची पहिली पाळी बसवली. एक पाळी आता जेवणानंतर घ्यायची ठरली आहे. उन्हाच्या वेळेला कामाची वेळ जुळवली की टाकी लहान पुरते, आणि टाकी ही संग्राहकांच्या खालोखाल महाग वस्तू.

काका स्वतः आले. टबात मनगटापर्यंत हात घातला, बाहेर काढून लेंग्याला पुसला. मग एक बाटली उचलली, ब्रश फिरवला, उजेडात धरून आतून बघितली. काही बोलले नाहीत. दुसरी उचलली.

विसळणीच्या टाकीखाली एकच बर्नर, बाकीचे दोन काढून ठेवले. नवा सिलिंडर लावला आणि त्यावर खडूने तारीख लिहिली : ८/११.

१८ नोव्हेंबर

प्रकल्प सुरू करून वर्ष. खडूच्या तारखेचा सिलिंडर आज दुपारी संपला. कामाचे नऊ दिवस, त्यांतला एक पूर्ण ढगाळ, त्या एका दिवसाने सिलिंडरचा तिसरा हिस्सा खाल्ला. झाकण बसवण्याआधी सव्वा ते दीड दिवस जायचा, झाकणानंतर पावणेदोन.

ढगाळ दिवसासाठी धुण्याचं काम दुसऱ्या दिवसावर ढकलता येईल का, ते बायकांना विचारायचं आहे. मधल्या रांगेतल्या एका जोडावर ओल दिसते, उद्या सकाळी थंड असताना आवळायचा. नवीन सिलिंडर लावला. १८/११.